दोनच्या पाळीचा बिघाड

आमच्या जावयांची एक सवय मला अजिबात खपत नाही. काही बिघडलं, सांडलं, तुंबलं, की ते कोणी निस्तरायचं हे ते आधी सांगतात, आणि त्या सांगण्यात त्यांचं स्वतःचं नाव कधीही नसतं. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा स्वयंपाकघरातला नळ उडाला. मी कारंज्याखाली पातेली धरतेय, लेक फडकी टाकतेय, मुलगा पाण्याची मुख्य चावी शोधत धावतोय, आणि जावई दारात उभे राहून शांतपणे म्हणतात, “आई, हा नळाचा दोष नाही. भिंतीतल्या पाइपाचा आहे. हे घरमालकांकडे येतं.” बरोबर होतं हो. पुढं प्लंबरनंही तेच सांगितलं. पण तोवर त्यांचे मोजे ठिबकायला लागले होते.

नोकरीही त्यांना माप घेऊन शिवल्यासारखी मिळाली. एका कंपनीच्या मदतकक्षात बसतात. मदतकक्ष म्हणजे लोक अडचण घेऊन फोन करतात आणि हे त्यांना अगदी गोड आवाजात समजावतात, की तुमची अडचण खरी आहे, पण ती आमच्याकडे येत नाही. या कामासाठी त्यांना दोनदा चषक मिळालाय. दोन्ही चषक लेकीनं दर्शनी कपाटात ठेवलेत. मी गेले की पाठ करून बसते.

आता माझं सांगते. माझं धुलाईघर आहे. हॉटेलांचे टॉवेल, वसतिगृहाच्या चादरी असं पुष्कळ काम येतं, पण आमची खरी शान म्हणजे मोठ्या हॉस्पिटलच्या हिरव्या चादरी, ऑपरेशनच्या खोलीतल्या. चोवीस बायका, दोन पाळ्या. इतकी वर्षं सगळा कारभार खडू, सेफ्टी पिना आणि माझं डोकं यांच्यावर चालला. माझी शाळा चौथीत संपली, पण कुठल्या गठ्ठ्यात किती चादरी आणि त्यांतल्या कितींना शिवण उसवलीय हे मी न बघता सांगते. हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंना मात्र माझं डोकं चालेना. म्हणजे चालत होतं, पण फायलीत लावता येत नव्हतं. त्यांना प्रत्येक गठ्ठ्याची नोंद हवी होती: कोणी धुतला, कोणी इस्त्री केली, किती तापमानावर, किती वाजता.

तेव्हा आमच्या चिरंजीवांनी बारा टॅब आणले आणि त्यांत जावयांच्या कंपनीचा प्रोग्राम घातला. हा प्रोग्राम म्हणजे एका खुंटीला बारा दावी. टॅबवर आमच्या नोंदीच्या पानाशिवाय दुसरं काही उघडत नाही, कोणी घरी नेला तर कळतं, आणि कोणता टॅब चालू ठेवायचा, कोणता बंद करायचा हे एकाच जागेवरून ठरतं. त्या जागेवरच्या माणसाला अॅडमिन म्हणतात. अॅडमिन म्हणून मुलानं माझं नाव घातलं.

“मला काय कळतं त्यातलं?” मी म्हटलं, पण अशा आवाजात, की त्यानं ते काढू नये.

“मालकीणबाईंचंच नाव लागतं, आई. तू काहीच करायचं नाहीस.”

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून पत्र आलं: “आदरणीय अॅडमिन, आपले स्वागत आहे.” आजवर मला आदरणीय म्हणणारं एकच पत्र आलं होतं, तेही वीज तोडण्याबद्दल. मी हे छापून घेतलं आणि इस्त्रीच्या टेबलावर भिंतीला चिकटवलं. वाफेनं त्याचे कोपरे वळले, पण आदर शाबूत राहिला.

दोन महिने सगळं छान चाललं. मग एका शनिवारी टॅबना अपडेट आलं. अपडेट म्हणजे चांगल्या चाललेल्या वस्तूला कंपनीनं येऊन कोपरखळी मारायची. आणि सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास मी कार्यालयात, म्हणजे साबणाच्या पिंपांमागच्या माझ्या खुर्चीत, चहा पीत बसले असताना दारात सात बायका येऊन उभ्या राहिल्या. पुढं मोठी इस्त्री. आमच्याकडे इस्त्रीवर दोघी आहेत, सकाळच्या पाळीची मोठी इस्त्री आणि दुपारच्या पाळीची धाकटी इस्त्री. धाकटी वयानं मोठी आहे, पण कामाला नंतर लागली.

“काकू,” मोठी इस्त्री म्हणाली, “तुम्हाला भेटायला सांगितलंय.”

“कोणी?”

तिनं टॅब माझ्यापुढं धरला. करडा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. मी चष्मा लावून वाचलं: “हे उपकरण तुमच्या संस्थेने बंद केले आहे. कृपया आपल्या अॅडमिनशी संपर्क साधा.”

“मी नाही बंद केलं,” मी म्हटलं.

“तसं लिहिलंय मात्र,” धाकटी इस्त्री मागून म्हणाली.

“अगं, मी चहा पीत होते!”

“तुम्ही मनात आणलं तर चहा पितापिता काय नाही करणार,” ती म्हणाली. हे कौतुक होतं की टोमणा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

बारापैकी सात टॅब मेले होते. इस्त्रीचे आणि घडीचे. धुलाईतले पाच ठणठणीत. हिरव्या चादरींचं काम दुपारच्या पाळीतच पुरं होतं, त्यामुळे त्या दिवशीचे गठ्ठे नोंदीशिवाय गेले आणि मंगळवारी सकाळी जसेच्या तसे परत आले. पुसल्या पाटीसारखं कोरं तोंड करून गाडीवाल्यानं ते उतरवले. मी जावयांना फोन लावला. त्यांनी तिकडून काहीतरी चावी फिरवली आणि सातही टॅब जिवंत झाले. चावी फिरवणं त्यांच्याकडे येत होतं. मंगळवारी दोन वाजता पुन्हा तेच सात मेले.

“जावईबापू, हे चाललंय काय?”

“आई, मी तपासलं. हा आमच्या प्रोग्रामचा दोष नाही. ऑपरेटिंग सिस्टीमचा आहे.”

“ती कोण?”

जावई समजावतात मात्र सुरेख. “असं बघा, ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे इमारत. सगळे प्रोग्राम तिच्यात राहतात. आमचा प्रोग्राम म्हणजे त्या इमारतीचा वॉचमन. अपडेटमध्ये इमारतीची एक भिंत कच्ची झालीय.”

“मग वॉचमननं मालकाला सांगावं, भिंत पडतेय म्हणून.”

“नाही ना. भिंत वॉचमनकडे येत नाही. ते भाडेकरूनं सांगायचं असतं.”

“भाडेकरू कोण?”

“तुम्ही.”

मला राग आला, पण जावयावर ओरडता येत नाही. मुलावर येतं, म्हणून मी मुलावर ओरडले.

बुधवारी सकाळी दुसऱ्यांदा गठ्ठे परत आले, आणि त्यांच्यामागोमाग मेट्रनबाईंचा फोन. या बाई आवाज चढवत नाहीत. हॉस्पिटलात राहून त्यांना सवयच झालीय, की भयंकर गोष्ट हळू सांगायची. त्या म्हणाल्या, “बिघाड सगळीकडे होतात. आमच्याकडेही होतात. पण बिघाड कळवला की त्याला तक्रार क्रमांक मिळतो. क्रमांक नाही तर माझ्या दृष्टीनं बिघाडच नाही, नुसता निष्काळजीपणा आहे. टॅब ज्यांनी बनवलेत त्यांचा तक्रार क्रमांक मला शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आणून द्या. तोवर माझ्याकडे चादरींचा साठा आहे. नाही आणलात, तर मी शहराबाहेरच्या मोठ्या कारखान्याला काम देते. वाईट वाटून घेऊ नका.”

वाईट वाटायला मला फुरसत नव्हती. हिरव्या चादरी गेल्या तर दुपारची पाळीच जाते. बारा बायका. त्यांतली धाकटी इस्त्री बावीस वर्षं माझ्याकडे आहे आणि बावीस वर्षं मला टोमणे मारतेय. ही सवय मोडायची माझी तयारी नव्हती.

मी टॅबच्या कंपनीला फोन लावला. तिथं आधी चाळीस मिनिटं बासरी ऐकवतात. मग एक गोड मुलगी आली.

“तुमच्या टॅबवर दुसऱ्या कंपनीचा ताबा आहे,” ती म्हणाली, “तेव्हा हा दोष त्या कंपनीनं आम्हाला कळवायला हवा.”

“ती कंपनी म्हणते ग्राहकानं कळवायचा.”

“मग ग्राहकानं कळवला तरी चालेल. पण ग्राहकाच्या अॅडमिननंच. कामाच्या ठिकाणचे टॅब असले की दुसऱ्या कोणाचं आम्ही घेत नाही.”

“मीच अॅडमिन,” मी म्हटलं, आणि खुर्चीत ताठ बसले.

“अरे वा. मग फक्त खात्री करून घेते. तुमच्या पहिल्या शिक्षकांचं नाव काय?”

आता हा प्रश्न जगात कोणालाही अवघड जाईल, मला नाही. मी एका खोलीच्या शाळेत एकाच मास्तरांकडे शिकले. पहिले तेच आणि शेवटचेही तेच. मी त्यांचं नाव सांगितलं. मुलगी म्हणाली, चूक. मी आडनावासकट सांगितलं. चूक. मला वाटलं, मास्तरांची कीर्ती दुसऱ्या नावानं पोचली असेल, म्हणून मुलं त्यांना पाठीमागं जे म्हणायची तेही हळूच सांगितलं. तेही चूक, आणि तीन चुका झाल्या म्हणून माझं खातं सात दिवसांसाठी बंद.

“अहो, पण मास्तर माझे होते!”

“मला अतिशय वाईट वाटतं,” मुलगी म्हणाली आणि पुन्हा बासरी लागली.

नंतर उलगडा झाला. खातं उघडताना चिरंजीवांना तो प्रश्न आला, आई झोपली होती, म्हणून त्यांनी उत्तरात लिहिलं, “माहीत नाही.” म्हणजे मला काही माहीत नसतं तर माझं काम झालं असतं! आयुष्यात एकदा परीक्षेत सगळं येत होतं, आणि नापास झाले.

एव्हाना बातमी गल्लीभर झाली होती. शेजारी अर्जकाका राहतात. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण अर्ज त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. ते शाईची झरणी घेऊनच आले. “वहिनी, फोनवर काय होतंय? लेखी द्या. लेखी.” आणि माझ्या साबणाच्या पिंपावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं: “माननीय मुख्य अधिकारी, ऑपरेटिंग सिस्टीम विभाग, यांस.” तीन प्रती केल्या. एक टॅबच्या कंपनीला, एक हॉस्पिटलला माहितीसाठी, आणि एक वीज मंडळाला.

“वीज मंडळाचा काय संबंध?”

“संबंध त्यांनी शोधायचा. आपण प्रत द्यायची.”

(वीज मंडळाचं उत्तर दोन महिन्यांनी आलं, की आपला विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. पण सुरुवात “आदरणीय” अशीच होती, म्हणून तेही मी ठेवलंय.)

वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्या दोन रोग्यांच्या मधे खाली येऊन म्हणाल्या, “वाफ! तुमच्याकडे किती वाफ आहे. दमट झालेत ते. इस्त्रीचे आणि घडीचेच गेलेत ना? मग! ऊन दाखवा.” त्यांच्या बोलण्यात इतका भरवसा असतो, की माणूस न दुखणारा दातही काढून घेतो. आम्ही बाराही टॅब गच्चीवर नेले आणि चादरींच्या तारेवर चिमट्यांनी लटकवले. तासाभरात बाराही टॅबवर “उपकरण फार तापले आहे” असं आलं. समोरच्या इमारतीतल्या चष्म्याच्या दुकानदारानं खिडकीतून ओरडून विचारलं, “आता हेही धुता का? माझाही एक मळलाय!” आणि खरंच घेऊन आला. परत पाठवताना मला त्याचा पडदा पुसून द्यावा लागला, कारण तो हलेना.

बुधवारी संध्याकाळी जावई आणि लेक आले. जावयांनी आधी सातही टॅब पुन्हा जिवंत केले, मग मला त्यांच्या फोनवर एक पान दाखवलं. टॅबच्या कंपनीचंच, लोकांनी अडचणी मांडायचं. तिथं कोणीतरी तीन दिवसांपूर्वी लिहून ठेवलं होतं: “अपडेटनंतर आमच्या कचेरीतले टॅब कधीकधी बंद पडतात.” खाली चारशे बारा लोकांनी “मलाही” असं बटण दाबलं होतं.

“म्हणजे बघा आई, चारशे बारा ठिकाणी हेच आहे,” जावई आनंदानं म्हणाले.

“आणि यांतल्या कितींनी नीट कळवलंय?”

ते पान वरखाली करू लागले. खाली कंपनीनं विचारलं होतं, नेमकं कधी होतं, काय केल्यावर होतं? त्यावर चारशे बारा जणांत उत्तर एकाचंही नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, एवढी माणसं आहेत, कोणीतरी सांगितलंच असेल. बुडणाऱ्या माणसाभोवती जमलेल्या गर्दीसारखे सगळे काठावर उभे, आणि जो तो म्हणतोय, मीही पाहिलं.

“तुम्ही काय केलंत?” मी जावयांना विचारलं.

जावई थोडे लाल झाले. “मी... मलाही दाबलं.”

लेक माझा हात धरून म्हणाली, “आई, जेवायला वाढू का?” ती लहानपणापासून अशी, आग दिसली की ताट मांडते.

रात्री मी ठरवलं, की पुरे झाले शहाणे. चादरीवर डाग उमटला तर मी डॉक्टरीणबाईंना विचारते का? चादर उजेडात धरते आणि बघते. गुरुवारी एक वाजताच मी इस्त्रीच्या टेबलाजवळ स्टूल टाकून बसले. मांडीवर वही.

“काकू, तुम्ही अशा बघत बसलात तर आमच्या हातून चादर जळेल,” मोठी इस्त्री म्हणाली.

“जळू दे. आज मी चादर बघत नाहीये.”

दोन वाजले, पाळी बदलायला लागली. आमच्याकडे पाळी कशी बदलते ते सांगायला हवं. ऑपरेशनच्या चादरी एकदा धुऊन हातात आल्या की त्या कुठंही टेकवायच्या नाहीत. जाणारीनं सोडायच्या आधी येणारीनं धरायच्या. मधे एक क्षणही चादर बिनहाताची राहता कामा नये. ही शिस्त मी लावली, आणि ती बायकांच्या अंगात इतकी मुरलीय, की एकमेकींना चहाचा कपही त्या तसाच देतात. हे मी रोज बघत होते. बघत होते म्हणून दिसत नव्हतं.

मोठ्या इस्त्रीनं टॅब पुढं केला, धाकटीनं तो धरला. मोठीनं “काम संपले” दाबलं, आणि त्याच क्षणी, तिचं बोट उचललं जायच्या आत, धाकटीच्या बोटानं “काम सुरू” दाबलं. पडदा करडा झाला.

“थांबा!” मी अशी ओरडले, की ड्रायरजवळच्या बाईनं यंत्रच बंद केलं. “कोणी हलू नका. शेजारचा टॅब घ्या. आता धाकटे, तू लगेच दाबू नकोस. मोठीचं होऊ दे. दहा मोज. आता दाब.”

टॅब सुरू राहिला.

“पुन्हा. हातातून हातात.”

करडा.

धुलाईतल्या बायकांचे हात ओले असतात. त्या टॅब खुंटीला अडकवून जातात, येणारी हात पुसून मग घेते. म्हणून त्यांचे पाच कधी मेले नाहीत! वाफ नाही, दमटपणा नाही. एक गेली आणि एक आली हे एकाच दमात झालं, की टॅबला कळेना, आपण आता कोणाच्या हाताखाली. मग तो घाबरून कोणाच्याच हाताखाली राहत नव्हता, आणि खापर माझ्यावर फोडत होता. बाकी चारशे बारा कचेऱ्यांत टॅब टेबलावर पडतो, कोणीतरी उचलतं. तिथं हे चुकून कधीतरी व्हायचं, म्हणून “कधीकधी”. आमच्याकडे शिस्त, म्हणून रोज.

मी जावयांना फोन केला. “कामावर असाल तर सोडून या.”

“आई, मी आज सहाला सुटतो...”

“मोज्यांवर निघा, पण या.”

ते आले. त्यांच्यासमोर दोन्ही इस्त्र्यांनी अकरा वेळा टॅब दिला-घेतला. प्रत्येक वेळी टॅब मेला की जावई आपल्या फोनवरून त्याला जिवंत करायचे आणि पुन्हा मारायला सांगायचे. अकरापैकी अकरा. त्या माणसाचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. डोळे चमकत होते, गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा मागं उडाला होता. “पुन्हा! आई, पुन्हा करायला सांगा! पडतोय! दर वेळी पडतोय!” लग्नात हार घालताना ते इतके खूश नव्हते. धाकटी इस्त्री माझ्या कानात म्हणाली, “हे बरे आहेत ना?”

मग मी म्हटलं, “चला. कळवा.”

आणि त्यांच्यातली सगळी हवा गेली. “आई, तुमचं खातं बंद आहे.”

“म्हणून तुमच्या कंपनीच्या खात्यातून कळवा. ती मुलगी म्हणालीच होती, ताबा असलेल्या कंपनीनं कळवलं तर हवंच आहे.”

“आमच्याकडे नियम आहे. दुसऱ्याच्या मालातला दोष मदतकक्षानं परस्पर कळवायचा नाही. साहेबांना विचारावं लागेल.”

“विचारा.”

त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, हे माझ्याकडे येत नाही, वरच्या साहेबांना विचारतो. वरचे साहेब सोमवारी येणार होते. मेट्रनबाई शुक्रवारी बाराला. जावई फोन हातात धरून उभे, त्यांच्याभोवती चोवीस बायका उभ्या. सकाळची पाळीही घरी गेली नव्हती. माझ्या जिभेला धार आहे म्हणतात, पण कुठं ती म्यानात ठेवायची तेही मला कळतं. या माणसानं नोकरी पणाला लावावी असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

जावयांनी एकदा त्या सात टॅबकडे बघितलं, एकदा धाकट्या इस्त्रीकडे. मग पिंपावर बसले, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, “सांगा आई. मी लिहितो.”

फॉर्म मोठा होता. ते प्रश्न वाचायचे, मी उत्तर सांगायची.

“काय घडायला हवं होतं?”

“टॅब चालायला हवा होता. यात विचारण्यासारखं काय आहे?”

“प्रत्यक्षात काय घडलं?”

“बावीस वर्षांच्या बाईनं मला चोरासारखं बघितलं.”

“वयानं अठ्ठेचाळीस,” धाकटी इस्त्री म्हणाली. “बावीस वर्षं तर तुमच्याकडे गेली.”

जावयांनी लिहिलं, “उपकरण बंद पडले.” पण पायऱ्या मात्र त्यांनी मी सांगितल्या तशाच लिहिल्या. पहिली बाई टॅब सोडत नाही. दुसरी धरते. पहिली दाबते. तिचं बोट उचलायच्या आत दुसरी दाबते. दहा मोजून दाबलं तर होत नाही. अकरा वेळा केलं, अकरा वेळा झालं. खाली “दोष कोणी शोधला” अशी जागा होती. तिथं त्यांनी माझं नाव घातलं आणि पुढं “अॅडमिन” लिहिलं. मग एक श्वास घेतला आणि बटण दाबलं.

क्रमांक सोळा आकडी आला. मी तो खडूनं भिंतीवर लिहिला, वहीत लिहिला आणि शुक्रवारी सकाळी पाठच करून टाकला, कारण कागद हरवतो. साडेअकराला मेट्रनबाईंसमोर उभी राहिले आणि एका दमात सोळा आकडे म्हटले. त्यांनी ते फायलीत उतरवले, पुन्हा वाचायला सांगितले, पुन्हा ताडले. मग पहिल्यांदाच हसल्या.

“आणि हा दोष जाईपर्यंत?”

“तोवर माझ्या बायका दहा मोजतील. मोठ्यानं.”

“बरं. संध्याकाळपासून चादरी पाठवते.”

महिनाभर आमच्या धुलाईघरात दोन वाजता सात बायका एका सुरात एक ते दहा म्हणायच्या. वर डॉक्टरीणबाईंचे रोगी दचकायचे. मग नवं अपडेट आलं, दोष गेला. टॅबच्या कंपनीनं जावयांच्या कंपनीला पत्र पाठवलं, की चारशे बारा तक्रारींत पायऱ्या सांगणारी ही एकच होती.

त्यानंतरच्या रविवारी दोघं जेवायला आले. लेक म्हणाली, “सांगा ना आईला. ते परिपत्रक.”

“काही नाही हो,” जावई म्हणाले.

“आई, यांच्या साहेबांनी सगळ्या कंपनीला लिहिलं, की आमच्या मदतकक्षाच्या तज्ज्ञांनी अवघड दोष शोधून काढला. आणि यांनी सगळ्या कंपनीला उलट उत्तर पाठवलं! तीनशे माणसांना! की हा दोष एका धुलाईघराच्या अॅडमिनबाईंनी स्टुलावर बसून शोधला, तज्ज्ञांनी फक्त टंकला, तोही नियम मोडून, तेव्हा आधी नियम बदला.”

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. “मग? साहेब काय म्हणाले?”

“आत बोलावलं,” जावई ताटाकडे बघत म्हणाले. “विचारलं, हे सगळ्यांना सांगायची काय गरज होती? मी म्हटलं, सर, त्या माझ्या सासूबाई आहेत आणि मला दर रविवारी त्यांच्यासमोर जेवायला बसायचं असतं.”

“आणि नियम?”

“बदलला. आता ज्याला दोष दिसेल त्यानं कळवायचा. ग्राहकानंही आणि आम्हीही. पण या वर्षी चषक मिळणार नाही, असं साहेब म्हणाले.”

मी पळी खाली ठेवली. माझं नाव तीनशे माणसांनी वाचलं होतं, आणि ते वाचवायला या माणसानं चषक सोडला होता. मग त्यांच्या ताटात आधी वाढलं, मुलाच्या नंतर, आणि लेकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं:

“जावईबापू, आठ वर्षं मी हिला सांगत आले, की तुझा नवरा हुशार आहे, पण कामाचा नाही. चुकलं माझं. कामाचे आहात तुम्ही. हुशार आहात की नाही, तेवढं अजून बघायचंय.”